आधी पेज, मग बांध

आमोणे (डिचोली),
दि. १० जानेवारी १९८८

चि. सौ. गौरवीबाय हिला बाबांचा पोटभर आशीर्वाद.

तुझे पत्र पोचले. पोस्टमनने ते आधी गोकुळदासच्या दुकानात दाखवले, मग देवळात, आणि मग आमच्याकडे आणून दिले. जपानची तिकिटे बघायला मिळतात म्हणून तुझे पत्र आमच्या घराआधी वाड्यावरची सगळी घरे हाताळतात. आत काय लिहिलेय ते तेवढे वाचत नाहीत, निदान मला तसे सांगतात. जावयबापूंचा खोकला एव्हाना बरा झाला असेल. तिकडच्या थंडीत डोक्याला खोबरेल लावल्याशिवाय बाहेर पडू नको, असे आई सांगते. तिकडे तेल गोठते म्हणून मी सांगितले, तर म्हणाली, गोठलेले लाव.

इकडे सर्व क्षेम. गोवा राज्य झाले त्याला आता सात-आठ महिने होतील. काय फरक पडला विचारशील तर पंचायतीच्या पाटीला नवा रंग लागला, एवढा दिसतो. कोकणी राजभाषा झाली म्हणून गोकुळदास मला बजावून गेला की लेकीला आता कोकणीत लिही. मी म्हटले, बाबा रे, मी भांडतो कोकणीत, देवाला गाऱ्हाणे घालतो कोकणीत, पण हातात लेखणी आली की शाळेतल्या मास्तरांची छडी आठवते आणि मराठीच उतरते. या वयात हात कुठे बदलू?

तुझ्या दादाचे, गौरेशचे विचारलेस. बरा आहे. खनिज वाहणाऱ्या बार्जीवरचे काम, वेळी-अवेळी जावे लागते. जेवतो-खातो, चांगला आहे.

आता तू लिहिलेल्या त्या बायकांविषयी. तुझ्या शेजारणीने आणि तिच्या मैत्रिणींनी मिळून गावातला एक शेतकरी धरलाय, तो पिकवील ते त्या घेतात, मुळा वाकडा असला तरी कुरकुर करत नाहीत, आणि कामाच्या दिवसांत रविवारी जाऊन त्याच्या शेतात तण काढतात. हे मी मोठ्याने वाचून दाखवले तेव्हा आईबरोबर शेजारची तारापण बसली होती. आई म्हणाली, सगळी थाप. डिचोलीच्या बाजारात आमच्या बायका एक वांगे चार वेळा उलटसुलट करून पुन्हा टोपलीत टाकतात, आणि त्या म्हणे वाकडा मुळा गोड मानून घेतात. तारा मात्र नुसती विचारत राहिली की त्या बायकांची स्वतःची शेते होती काय आधी. ते तू लिहिले नाहीस, म्हणून मी म्हटले असतील.

मला ती गोष्ट रात्रंदिवस चावतेय, त्याचे कारण सांगतो. आपल्या खाजनातल्या भातशेताचा नदीकडचा बांध बसला आहे. तू लहानपणी जिथे बसून नदीत पाय सोडायचीस, त्या मानशीच्या, पाणी सोडायच्या दाराजवळचाच भाग. बार्जीच्या लाटांनी तो खालून कोरला, आणि गेल्या पावसात तिथे खांड पडली. तात्पुरते बांबू ठोकून पेंढा भरला आहे. पुढच्या पावसाआधी तो नीट बांधला नाही, तर मांडवीचे खारे पाणी आत येईल आणि कोरगुटाचे भात तर सोडच, गवतसुद्धा धड उगवणार नाही. पूर्वी हे काम काय होते? घरटी एक माणूस उतरायचा, चार-आठ दिवसांत बांध उभा. आता घरटी माणूस कुठून आणू? कोण खाणीवर, कोण बार्जीवर, कोण कुवेतला. उरले माझ्यासारखे, ज्यांच्या गुडघ्यांना चिखल सोसत नाही, पण तोंडाला बोलणे सोसते.

त्यातच म्हापशाचा एक माणूस वाड्यावर फिरून गेला. सगळे खाजन एकत्र घेतो, सुंगटांची, कोळंबीची तळी करतो, म्हणतो. बांधाची काळजी तुम्हाला नको. लोकांना ते पटले, आणि का पटू नये? बिनाकामाचा पैसा घरात येत असेल तर कोणाला नको. त्याला इथे कोणी आणला ते सोड, तो मुद्दा नव्हे. देवळात बैठक झाली आणि ठरले ते असे: पावसाळ्याआधी बांध उभा राहिला तर यंदा कोरगुट पेरायचे, नाही तर खाजन सुंगटांना.

बाय, मी नाटकात राजे-महाराजे फार केले. राज्य गेल्याचे रडणे मला तोंडपाठ आहे. पण हे खाजन गेले तर सकाळी उठून जायचे कुठे, याचे रडणे मला येत नाही. म्हणून मी बैठकीत उठून सांगितले की माणसे मी आणतो. कुठून, असे गोकुळदासने विचारले. मी म्हटले, जपानमधून. सगळे हसले. मीपण हसलो, पण मनातून मी हसत नव्हतो.

तेव्हा त्या बायकांचे सगळे सविस्तर लिही. त्यांना शेतकरी काय म्हणतो, भांडणे होतात काय, झाली तर कोण मिटवते. आईला इथे खाली दोन ओळी लिहायच्या होत्या, पण बघ, कागद संपला.

तुझा,
बाबा

*

आमोणे,
दि. १४ मार्च १९८८

चि. सौ. गौरवीबाय हिला शिगम्याच्या गुलालासकट आशीर्वाद.

कागदावर तांबडा डाग दिसेल तो गुलालच. तू गेल्यापासून घरात शिगमो म्हणजे माझे ढोलाला शिव्या देणे आणि आईचे मला शिव्या देणे. पण यंदा मजा आली. गौरेशपण आला होता. रोमटाच्या मिरवणुकीत ढोल वाजवताना लांबून दिसला. बारीक वाटला मला, पण ढोल चांगला घुमवत होता.

तुझे सविस्तर पत्र मिळाले. तो तुझा शेतकरी बायकांपुढे डोके लववून चूक कबूल करतो, हे वाचून आई म्हणाली की या एका गोष्टीसाठी तरी ही पद्धत इथे आणाच.

आणायला निघालो खरा. आधी एक जाहीरपत्रक लिहायचे ठरले, आणि ते मराठीत की कोकणीत यावर देवळात सगळी संध्याकाळ भांडण. राज्य मिळवताना झाले नसेल एवढे. शेवटी तारा उठून म्हणाली, दोन्हींत लिहा, चिखलाला वाचता येत नाही. मग मी ते दोन्हींत लिहिले आणि पिशवीत घालून पणजी, फोंडा, म्हापसा पालथे घातले. आपल्या गावातून उठून गेलेली माणसे गाठली. सांगितले, एकेका घराने एकेक वाफा आपला म्हणायचा. बांधाला, लावणीला आणि कापणीला यायचे. पिकले तर कोरगुट घेऊन जायचे, नाही पिकले तर आमच्याबरोबर कपाळाला हात लावायचा.

काय काय माणसे भेटली म्हणून सांगू. पणजीत एक साहेब म्हणाले, गॅरंटी काय? मी म्हटले, पावसाची गॅरंटी तुम्ही द्या, तांदळाची मी देतो. दुसऱ्या एकाने दारातूनच सांगितले की डॉक्टरने चिखल वर्ज्य केलाय. पण त्याची आई आतून बाहेर आली, कोरगुटाची पेज म्हणताच तिच्या डोळ्यांना पाणी आले, आणि तिने मुलाला माझ्यादेखत सांगितले की डॉक्टर बदल. त्यांचे नाव धरले आहे. एका बँकेत योगिता नावाची मुलगी आहे, तिचा आमोणेशी काडीचा संबंध नाही, ती म्हणाली, मला तांदूळ कुठे उगवतो ते बघायचे आहे. तिलाही धरले.

आणि खरी माणसे तर इथेच हाताशी होती, ती मला दिसलीच नव्हती. आपल्या गोदीवर बार्जी दुरुस्तीला कोल्हापूर-बेळगावकडची माणसे आहेत ना? त्यातला चंदगडचा मारुती, आणि त्याची बायको मंगल. ती एक दिवस दारात उभी राहिली. म्हणाली, “मामा, शहरातल्या लोकांस्नी वाफा देतासा, मग आमाला का न्हाई? आमी बी शेत सोडूनच आलोय की.” मला लाज वाटली, गौरवी. तिच्यासारखी सात-आठ घरे गोदीवर आहेत. सगळी तयार.

माणसे झाली. मग पडली खरी धोंड.

तुला माहीत आहे, आपल्याकडे नवे काही करायचे तर देवाला विचारल्याशिवाय पान हलत नाही. तेव्हा बेताळाला कौल लावायचे ठरले. गाऱ्हाणे घालायचा मान यंदा गोकुळदासचा. मी त्याला आदल्या दिवशी चांगले पढवले होते, की नुसते विचार, “बांधाचे काम हाती घेतलेय, यश दे.” तो मोठ्या आवाजात देवापुढे उभा राहिला, आणि स्वतःच्या आवाजावर इतका खूश झाला की गाऱ्हाणे लांबतच गेले. बारा गाव, बारा वाटा, वाडवडील, झाडेपेडे, सगळे आले, आणि शेवटी त्याने विचारले काय, तर “परक्या माणसान आमच्या खाजनात पाय घालचो काय ना, तें सांग.”

कौल डावा पडला. डावाच पडणार. असा प्रश्न मला कोणी विचारला असता तर मीपण डावाच पडलो असतो.

आता एकदा पडलेला कौल वर्षभर फिरवून विचारता येत नाही. गोकुळदास पायरीवर डोके धरून बसला. त्याच्या मनात वाईट नव्हते, पण हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. म्हापशाच्या माणसाला दुसऱ्याच दिवशी बातमी कळली, आणि तो हातात पेढे घेऊन आला. ती कशी कळली ते मला ठाऊक आहे, पण ते राहू दे.

मी दोन दिवस अंथरुणातून उठलो नाही. आईने काढा दिला, रागे भरली, पुन्हा काढा दिला. तिसऱ्या दिवशी ताराने स्वतःच सगळ्या गावकरांना देवळात बोलावले. तारा, जी कधी पुरुषांच्या बैठकीत पुढे बसली नाही. तिने विचारले, लग्न होऊन आले तेव्हा मी कोण होते? मग स्वतःच म्हणाली, मी परकीच होते. मये गावची. पहिल्या दिवशी तुमच्या चुलीवरचे जेवले, दुसऱ्या दिवशी तुम्ही मला त्याच खाजनात कमरेभर चिखलात उतरवलीत. तेव्हा कोणी कौल लावला नव्हता. “ज्या घरान वाडलां, त्या घराचें मनीस. देवान परक्याक नाका म्हटलां. घरच्याक खंय नाका म्हटलां?”

गौरवी, मी नाटकात टाळ्या घेतल्या आहेत, पण त्या दिवशीची शांतता मला कधी मिळाली नाही. भटजींनी मान हलवली. म्हणाले, बाई म्हणते ते शास्त्राला सोडून नाही.

तेव्हा असे ठरले: बाहेरून येणारे प्रत्येक घर आपल्या वाड्यावरच्या एका घराशी जोडायचे. आल्यावर आधी त्या घरी बसायचे, त्या चुलीवरची पेज जेवायची, आणि मग त्या घरचे माणूस म्हणून बांधावर जायचे. जेवल्याशिवाय खाजनात पाय नाही. आधी पोटोबा मग विठोबा, हे आपण नुसते म्हणत होतो, आता तो वाड्याचा कायदाच झाला. तुझ्या जपानी शेतकऱ्याला हे कळव. त्याच्या बायका आधी तण काढतात की आधी जेवतात?

दिवस मे महिन्यातला ठरला आहे, शाळांना सुटी लागल्यावर, सुकतीची, ओहोटीची वेळ बघून. गौरेशला वेळ होतो की नाही, सांगता येत नाही. आई बरी आहे. या खेपेलाही तिला लिहायचे होते, पण कागद, तू बघतेसच.

तुझा,
बाबा

*

आमोणे,
दि. १८ मे १९८८

चि. सौ. गौरवी हिस आशीर्वाद.

तुझे पत्र आले. नेहमीसारखे चार पानांचे नाही, एका ओळीचे. “दादा कुठे राहतो? त्याचा पत्ता कळवा.” बस्स. म्हणजे आईने मला न सांगता तुला लिहिले, ताराच्या लेकीकडून. बरे केले. मी कागद संपवत बसलो आणि तिने दुसरा कागद आणला. तुझी आई आहे ती.

तेव्हा आता जे दोन पत्रांत लिहिले नाही, ते लिहितो. म्हापशाच्या माणसाला वाड्यावर आणला तो गौरेशने. गणेशचतुर्थी झाल्यावरची गोष्ट. तो मला म्हणाला, “बाबा, मी रोज बार्जीवरून बघतो. वीस वाफ्यांतले बारा ओसाड आहेत. तुम्ही गेल्यावर कोण उतरणार? मला बार्ज सोडता येत नाही. ओसाड पडण्यापेक्षा सुंगटे काय वाईट?” शांतपणे बोलला. ते खोटे नव्हते म्हणूनच मला जास्त लागले. मी काय बोललो ते लिहायला हात होत नाही, पण लिहितो. मी म्हटले, सुंगटांच्या पैशांनी पोट भरायचे असेल तर माझ्या चुलीवरचे जेवू नको. त्याने ताट तसेच पुढे सरकवले आणि उठला. त्या दिवसापासून तो साखळी गावी मित्राच्या खोलीवर होता. “जेवतो-खातो, चांगला आहे” म्हणून मी तुला लिहिले, तेव्हा तो कुठे जेवतो, काय खातो, मला काडीची माहिती नव्हती. आई त्याला डबा पाठवायची. मी बघितले नाही असे दाखवायचो.

आणखी एक. तुझ्या जपानी बायकांची रीत मी उचलली ती खाजनासाठी उचलली, हे खरे. पण त्याहून जास्त, त्याला खोटा पाडण्यासाठी. बघ, तू नसलास तरी माणसे येतात, हे त्याला दाखवायचे होते. बाप असा असतो, लिहून ठेव.

आता बांधाचा दिवस सांगतो. गेला रविवार.

पहाटेपासून वाड्यावर धूर. प्रत्येक चुलीवर पेजेचे पातेले, मिठातले कैरीचे तोर, भाजलेले सुके बांगडे. पणजीची बस आली, फोंड्याची आली. डॉक्टर बदलायला सांगणारी आजी मुलाच्या पाठीला हात लावून त्याला पुढे ढकलत आली. एक गृहस्थ बसायला घडीचे कदेल आणि छत्री घेऊन आले, फक्त बघायला म्हणून. ताराने त्यांना दोन भांडी पेज पाजली, आणि नंतर ते कदेल गोकुळदासने चिरे वाहायला पाट म्हणून वापरले. बँकेतल्या योगिताने पेज चमच्याने खायला घेतली, तर तिला ज्या घरी जोडली होती तिथल्या शांतामावशीने चमचा काढून घेतला. भांडे तोंडाला लावून प्यायल्याशिवाय पेज पोटात जात नाही, तिला सांगितले. मंगल आणि गोदीवरच्या बायकांना मात्र काही शिकवावे लागले नाही. त्यांनी उलट आमच्या बायकांना भाकरी थापून घातली, आणि कोण कोणाच्या घरचे ते तिथेच विसरायला झाले.

मला काम दिले होते बांधाच्या तोंडाशी उभे राहायचे. खाजनात उतरणाऱ्या प्रत्येकाला विचारायचे, कोणाकडे जेवलात? तो नाव सांगायचा, मी म्हणायचो, उतरा. काठी हातात, डोक्याला टॉवेल, राजाचे सोंग बरे होते.

सुकती होती तोवर काम झकास चालले. नदीतला चिखल कापायचा, गोळे हातोहात द्यायचे, खांडीत पेंढा आणि चिखल थरावर थर. माणसांची रांग मानशीपासून पार मोठ्या आंब्यापर्यंत. कोण गात होते, कोण पडत होते, पडलेल्याला उचलताना दुसरा पडत होता. पण खांड वाटली होती त्याहून मोठी निघाली. वर दिसते ती बोटभर, आत हातभर. चिखल टाकला की गिळायची. पाठीला चिरे लागणार होते, आणि आणलेले चिरे अर्ध्यात संपले. पाणी वळायला लागले. मारुतीने माझ्याकडे बघितले, मी नदीकडे. भरती चढली तर दिवसभराचे सगळे वाहून जाणार, आणि उद्या ही माणसे पुन्हा कुठून आणू? म्हापशाचा माणूस मला डोळ्यांपुढे पेढ्यांसकट दिसायला लागला.

तेव्हा गोदीच्या बाजूने एक होडी आली. चिऱ्यांनी भरलेली, काठ पाण्याला टेकलेले. वर बार्जीवरची तीन-चार पोरे, आणि वल्ह्यावर गौरेश. गोदीच्या मागे पडलेले जुने चिरे त्याने मालकाला विचारून आणले होते, ते मला मागाहून कळले. होडी बांधाला लागली. त्याचे मित्र आधी उतरले. मी सवयीने विचारले, कोणाकडे जेवलात? एक म्हणाला तारामावशीकडे, दुसरा शांतामावशीकडे, सकाळीच आले होते म्हणे. मी म्हटले, उतरा.

मग तो उभा राहिला. पाय होडीत, हातात चिरा. सगळी रांग थांबली. गोकुळदास मागून माझ्यावर ओरडला, सगुण, पाणी वळले, आता जेवणाचे सोड. मी सोडू शकलो असतो. सगळ्यांना बरे वाटले असते. पण सकाळपासून प्रत्येकाला विचारलेला प्रश्न त्याला एकट्याला विचारला नाही, तर मी त्याला काय केले? परका केला. म्हणून विचारले.

“कोणाकडे जेवलास?”

तो म्हणाला, “खंयच ना. ह्या वाड्यार म्हाका एकाच घरांत जेवपाची सवय.”

इतकी वर्षे दुसऱ्यांनी लिहिलेली भाषणे केली, स्वतःचे एक वाक्य नव्हते. मागून तुझी आई आली. पातेले डोक्यावर घेऊन, बांधावरून चालत. ती कधीपासून तिथे होती कोण जाणे. तिने पातेले माझ्या पायांशी ठेवले, भांडे ठेवले, आणि वाढायची डवली माझ्या हातात दिली. स्वतः वाढली नाही. माझ्याकडे बघत उभी राहिली.

मी वाढले. थोडी पेज त्याच्या पायावर सांडली. त्याने उभ्या-उभ्या भांडे तोंडाला लावले आणि एका दमात रिकामे केले. मग पुन्हा पुढे धरले. मी पुन्हा वाढले. तोर नाही काय, विचारले त्याने. होते. आईच्या पदरात बांधलेले. मला रडू आले, गौरवी, सगळ्यांच्या देखत आले, आणि ते नाटकातले नव्हते. तो चिरा माझ्या हातात देत म्हणाला, “उतरू?” मी मान हलवली.

भरती यायच्या आत खांड बुजली. चिरे पाठीला, चिखल पोटाला. मग सगळे जण, पणजीचे, फोंड्याचे, चंदगडचे, वाड्यावरचे, चिखलाने माखून बांधावर बसून राहिलो आणि पाणी चढताना बघत राहिलो. चढले, बांधाला टेकले, थोडे पाझरले, आणि थांबले. योगिताने विचारले, झाले काय? गोकुळदास म्हणाला, झाले. तो एवढे थोडके बोलल्याचे मी पहिल्यांदाच ऐकले. गाव करी ते राव न करी म्हणतात, त्यात चंदगड आणि पणजीपण मोजायला हरकत नाही.

काल बैठक झाली. यंदा कोरगुट. म्हापशाच्या माणसाला नाही म्हणून कळवले, आणि ते कळवायला गौरेशच गेला. मला वाटले होते आता तो माझे सगळे ऐकेल. कसले काय. रात्रीच्या जेवणावर मला विचारतो, “यंदा हौसेने आले, बाबा. पुढच्या वर्षीही येतील काय? त्याच्या पुढच्या?” मग तोच म्हणतो, पीक निघाल्यावर मानशीतली मासळी पूर्वीसारखी सगळ्या जोडलेल्या घरांत वाटूया, म्हणजे लोक टिकतील. आई म्हणते, लावणीला पुन्हा पेज घालूया, म्हणजे टिकतील. दोघांचे जोरदार भांडण झाले. फार दिवसांनी घरात कोणाचा आवाज चढला. मला इतके बरे वाटले की मी दुसऱ्यांदा भात घेतला.

त्याने एक वाफा मागितला. म्हणे बाहेरून आलेल्यांना देता तसा एक आपल्या घराशी जोडलेला माझ्या नावावर धरा, रविवारी येत जाईन. मी म्हटले, वाफे पाहुण्यांना असतात. तुला सगळे खाजन राखायचे आहे. तो हसला नाही, होही म्हणाला नाही. पण साखळीहून त्याची ट्रंक आली आहे. आईने ती उघडून सगळे कपडे धुवायला काढलेत, स्वच्छ होते तेसुद्धा.

तुझ्या शेजारणीला आणि तिच्या शेतकऱ्याला माझा नमस्कार सांग. त्यांनी तिकडे मुळे काढले, त्याने इकडे माझ्या घरात काय झाले, हे त्यांना समजावून सांगता येणार नाही, पण नमस्कार पोचव.

तू पत्ता मागितला होतास. लिहून घे. पाकिटावर नाव गौरेशचे घाल, आणि खाली गाव आमोणे, आपला वाडा, आपले घर. “द्वारा” घालू नको. तो कोणाकडे राहायला आलेला नाही.

तुम्हां दोघांचा,
बाबा